कर्बल स्पेस प्रोग्राम: हवा ओढणारं इंजिन आणि रॉकेट, दोन्ही स्वतः उडवून बघा

रॉकेट एवढा मोठा ऑक्सिजन पाठीवर घेऊन का जातं, विमानासारखी बाहेरची हवा का वापरत नाही, हा प्रश्न ज्याला कधी ना कधी पडला असेल त्याने हा गेम घ्यावा. मी पॉलिटेक्निकला थर्मल इंजिनिअरिंग शिकवते. जेट इंजिनाचं प्रकरण संपत आलं की वर्गात हाच प्रश्न येतो, आणि विचारणारा सहसा वर्गातला सर्वात जागा विद्यार्थी असतो. फळ्यावर समीकरण लिहून उत्तर देता येतं, पण ते पटत नाही. या गेममध्ये ते हाताला कळतं. मात्र एक अट आहे, ती पुढे सांगते. ती माहीत नसेल तर हाच गेम उलटं उत्तर शिकवून जाईल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कर्बल स्पेस प्रोग्राम हा मेक्सिको सिटीतल्या स्क्वाड कंपनीचा गेम. कल्पना फेलिपे फालांगे यांची. 2011 पासून तो अर्धामुर्धा खेळायला मिळत होता, पूर्ण आवृत्ती 2015 साली आली. कर्बिन नावाचा ग्रह, त्यावर हिरवी छोटी माणसं, आणि त्यांचं अंतराळ केंद्र. टाक्या, इंजिनं, पंख, चाकं असे सुटे भाग जोडून यान बनवायचं आणि उडवायचं. रॉकेटसाठी उंच इमारत, विमानासाठी वेगळा हँगर आणि समोर धावपट्टी. गोळ्या झाडणं नाही, गुण मिळवण्याची घाई नाही. यान पडलं तर का पडलं हे शोधायचं आणि परत बांधायचं, एवढंच. माझ्या भाच्याने तो माझ्या लॅपटॉपवर टाकून दिला. "मावशी, तुझ्या विषयाचाच आहे," म्हणाला. अगदी खरं निघालं.

मी इथे पूर्ण गेमबद्दल लिहिणार नाही. चंद्रावर उतरणं, दुसऱ्या ग्रहांच्या मोहिमा, यांवर पुष्कळ जणांनी लिहिलंय. मला बोलायचंय ते रेपिअर या एका इंजिनाबद्दल.

रेपिअरला दोन अवस्था आहेत. खाली असताना ते जेटसारखं बाहेरची हवा ओढतं. हवा विरळ झाली की आतला ऑक्सिडायझर, म्हणजे इंधन जाळायला ऑक्सिजन पुरवणारा माल, घेऊन रॉकेटसारखं जळतं. ब्रिटनच्या रिअॅक्शन इंजिन्स कंपनीच्या साबर इंजिनाची छाप त्यावर उघड दिसते. हँगरमध्ये रेपिअरवर उजवी क्लिक करून आकडे पाहिले की कोणालाही मोह होईल: हवा ओढताना विशिष्ट आवेग (ठराविक मालातून किती धक्का मिळतो याचं माप) 3200 सेकंद, रॉकेट म्हणून 305 सेकंद. म्हणजे तेवढ्याच धक्क्यासाठी जेट अवस्थेत जवळजवळ दहावा हिस्सा माल जळतो. हे पाहून रॉकेट बांधणारे लोक वेडे आहेत का, असं वाटायला लागतं.

बांधणी करताना खरी मजा आहे. हँगरमध्ये तीन गोळे दाखवता येतात: पिवळा गुरुत्वमध्याचा, निळा पंखांच्या उचलीचा आणि तिसरा इंजिनाच्या धक्क्याचा. निळा गोळा पिवळ्याच्या किंचित मागे हवा. फार मागे गेला तर नाक वर उचलत नाही, पुढे आला तर विमान हवेत कोलांटी खातं. हे झालं धावपट्टीवरचं. पण इंधन संपत जातं तसा पिवळा गोळा सरकतो, म्हणून टाक्या रिकाम्या करूनही तपासावं लागतं. प्रत्येक टाकीवर उजवी क्लिक केली की इंधनाची आणि ऑक्सिडायझरची पट्टी वेगवेगळी ओढता येते. सगळ्यात जास्त शिकवणारी गोष्ट हीच पट्टी आहे असं माझं मत. ऑक्सिडायझर कमी भरला तर विमान हलकं होतं, छान पळतं आणि कक्षेच्या तोंडाशी येऊन कोरडं पडतं. जास्त भरला तर आवाजाचा वेग ओलांडतानाच धापा टाकतं. कुठेतरी मधली जागा आहे, आणि ती शोधताना माणूस वही काढून गणित करायला बसतो. मी तर विद्यार्थ्यांना स्वतः गणित करायला बसलेलं पाहिलंय. जी मुलं परीक्षेला समीकरण पाठ करून येतात त्यांनाच.

उड्डाण असं होतं. धावपट्टीवरून पूर्वेला निघायचं. सुरुवातीला रेपिअर मंद असतं. थोडी उंची घेऊन नाक जवळपास सपाट ठेवायचं आणि आवाजाचा वेग मोडायचा. मॅक 1, म्हणजे आवाजाचा वेग, ओलांडलं की इंजिनाच्या अंगात येतं, धक्का वाढतच जातो. मग हळूहळू चढायचं. वीस किलोमीटरच्या आसपास वेग सेकंदाला 1400-1500 मीटर होतो, कॉकपिटजवळ तापमानाची पट्टी उमटते आणि हिरवी पिवळी होत जाते. इथे दोन्हीकडून कोंडी होते. खाली राहावं तर तापलेल्या हवेने नाक वितळतं, वर जावं तर हवा अपुरी पडून धक्का ओसरतो. त्या दोघांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात विमान धरून ठेवायचं आणि मिळेल तेवढा वेग काढून घ्यायचा. धक्का पडायला लागला की ठरवून ठेवलेलं बटण दाबायचं, हवेची तोंडं बंद, रेपिअर रॉकेट होतं, नाक वर. सत्तर किलोमीटरला कर्बिनचं वातावरण संपतं. त्याच्या वर थोडा वेळ तरंगत जायचं, शेवटी एक छोटा धक्का, आणि धावपट्टीवरून उठलेलं सबंध विमान, एकही तुकडा न टाकता, कक्षेत. परत येऊन त्याच धावपट्टीवर उतरवलं तर मिळणारं समाधान मी इतर कुठल्याही गेममध्ये अनुभवलेलं नाही.

आता ती अट.

कर्बिनची त्रिज्या 600 किलोमीटर आहे. पृथ्वीची 6371. गुरुत्वाकर्षण मात्र पृष्ठभागावर पृथ्वीएवढंच ठेवलंय. त्यामुळे कर्बिनच्या कक्षेत राहायला सेकंदाला सुमारे 2300 मीटर वेग पुरतो, पृथ्वीला 7800 लागतो. गेम खेळण्याजोगा व्हावा, कक्षेत पोचायला दहा मिनिटं न लागता चार-पाच मिनिटं लागावीत, म्हणून बनवणाऱ्यांनी हे जाणूनबुजून केलं, आणि गेम म्हणून ते योग्यच आहे. पण आपल्या प्रश्नावर त्याचा परिणाम काय होतो पाहा. हवा ओढून 1500 पर्यंत गेलात तर कर्बिनवर कक्षेचा जवळपास दोन तृतीयांश वेग हाती आला. गतिज ऊर्जा धरली तर चाळीस टक्क्यांहून जास्त. पृथ्वीवर हेच 1500 म्हणजे वेगाचा पाचवा हिस्सा, ऊर्जेचा चार टक्क्यांच्याही आत. इंजिन तेच, कष्ट तेच, वितळणारं नाक तेच, आणि वाट मात्र अजून सगळीच्या सगळी पुढे.

आणखी एक. कर्बिनवर साधं रॉकेटसुद्धा एका टप्प्यात, म्हणजे वाटेत कुठलाही भाग न टाकता, कक्षेत जातं. तिथे कक्षेपर्यंत, वाटेतली तूट धरून, एकूण साधारण 3400 मीटर प्रतिसेकंद वेगाची तजवीज लागते. रेपिअरच्या 305 सेकंदांनी गणित केलं तर यानाच्या वजनाचा सुमारे 68 टक्के भाग इंधन-ऑक्सिडायझर, उरलेल्या 32 टक्क्यांत सगळं काही. पृथ्वीवर घर्षण आणि गुरुत्वाची तूट धरून 9300-9400 लागतात. केरोसिन आणि द्रव ऑक्सिजनवर ते एका टप्प्यात करायचं तर 93 टक्क्यांच्या आसपास इंधन, आणि सात टक्क्यांत टाक्या, इंजिनं, सांगाडा आणि उपग्रह. म्हणून खरी रॉकेटं टप्पे टाकत जातात. गेमने दुसऱ्या बाजूनेही थोडं झुकतं माप दिलंय: तिथल्या टाक्या भरलेल्याच्या एक नवमांश वजनाच्या असतात, खऱ्या रॉकेटच्या टाक्या याहून कितीतरी हलक्या. तरी ग्रहाच्या आकाराने जो फरक पडतो तो यातून भरून निघत नाही.

मग ज्यांना खरं उत्तर हवंय त्यांनी काय करावं? रिअल सोलर सिस्टीम नावाचा मॉड टाकावा. मॉड म्हणजे खेळणाऱ्यांनीच बनवलेली फुकट जोडणी. त्याने कर्बिनच्या जागी खऱ्या आकाराची पृथ्वी येते. कर्बिनवर लीलया कक्षेत जाणारं तेच रेपिअर विमान घेऊन निघा. खालचा अर्धा प्रवास अगदी ओळखीचा वाटतो, मॅक 5 येतो, बटण दाबलं जातं, रॉकेट पेटतं. आणि मग ऑक्सिडायझरची पट्टी संपत जाते, वेगाचा आकडा कक्षेच्या आसपासही नसतो, नकाशात वाटेची रेघ समुद्रात शिरलेली दिसते. ती रेघ डोळ्यांनी बघणं हे माझ्या मते या सगळ्या खटाटोपाचं मोल आहे.

हवा तर फुकट आहे ना, असं मुलं तरीही विचारतात. विचारायलाच हवं. पण द्रव ऑक्सिजन हा यानातला सगळ्यात स्वस्त आणि आटोपशीर माल आहे. इस्रोच्या एलव्हीएम-3 रॉकेटचा वरचा टप्पा घ्या. त्याच्या सीई-20 इंजिनात हायड्रोजनच्या वजनाच्या साधारण पाचपट ऑक्सिजन जळतो. पाच किलो द्रव ऑक्सिजनला साडेचार लिटरही जागा लागत नाही, एक किलो द्रव हायड्रोजनला चौदा लिटर लागते. म्हणजे वजन ऑक्सिजनचं, पण आकारमान हायड्रोजनचं. हवा ओढणारं हायड्रोजनचं यान बांधताना आपण छोटी टाकी आणखी छोटी करतो आणि मोठी टाकी तशीच राहते किंवा वाढते. साबरवर चालणार असलेल्या स्कायलॉन यानाचा आराखडा तब्बल 83 मीटर लांबीचा होता, तो यामुळेच.

शिवाय हवेत वजनाने जेमतेम 23 टक्के ऑक्सिजन. एक किलोसाठी चार किलोंहून जास्त हवा गिळायची. कमी वेगाला हा नायट्रोजन उपयोगी पडतो, तोही तापून मागे फेकला जातो आणि धक्का देतो, जेटची काटकसर त्यातूनच येते. पण यान सेकंदाला 1500 मीटरने जात असेल तर ही हवा तितक्याच वेगाने अंगावर येते. तिला त्याहून जास्त वेगाने मागे फेकलं तरच फायदा. वेग वाढेल तसा हा फरक आटत जातो आणि हवेचा अडथळा मात्र वाढतो. रॉकेटला ही अडचणच नाही, त्याचा माल त्याच्याबरोबरच चाललेला असतो. गडाच्या पायथ्याला विहीर आहे म्हणून पाण्याची बाटली घरी ठेवण्यातला हा प्रकार आहे: तहान लागते ती वर, आणि वर पाणी नाही.

त्यात इंजिनाचं वजन. स्पेसएक्सचं मर्लिन इंजिन स्वतःच्या वजनाच्या 180 पट धक्का देतं. आफ्टरबर्नरसह, म्हणजे मागे जादा इंधन जाळून, लढाऊ विमानाचं चांगलं इंजिन आठ-दहा पट. साबरचं उद्दिष्ट चौदा पटींच्या घरात होतं. हवा संपल्यावर ही जड यंत्रणा कक्षेपर्यंत ओझं म्हणून न्यायची. रॉकेट सरळ वर उठतं, मिनिट-दीड मिनिटात दाट हवेच्या बाहेर पडतं आणि बहुतेक वेग निर्वातात कमावतं. हवा ही त्याच्यासाठी लवकर ओलांडायची गोष्ट आहे, आपलं विमान मात्र तिच्यातच रेंगाळत बसतं.

गेममध्ये दोन गोष्टी खटकतात. पहिली, प्रीकूलर. गेममध्ये या नावाचा भाग आहे, पण तो न लावताही रेपिअर मजेत चालतं. खऱ्या साबरचा प्राण तोच होता. मॅक 5 ला आत शिरणारी हवा 1000 अंश सेल्सिअसच्या घरात तापते. ती कॉम्प्रेसरमध्ये जाण्याआधी क्षणात थंड करायची, आणि तीही गोठलेल्या बाष्पाने नळ्या न बुजता. त्यासाठी केसासारख्या बारीक भिंतींच्या हजारो नळ्या, त्यातून हेलियम. 2019 साली अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये या प्रीकूलरने 1000 अंशांची हवा सेकंदाच्या विसाव्या भागात थंड करून दाखवली. उष्णता विनिमयक (हीट एक्सचेंजर) शिकवणाऱ्या माणसाला याहून सुंदर काम क्वचित दिसतं. 1989 मध्ये अॅलन बाँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेली रिअॅक्शन इंजिन्स ही कंपनी 2024 च्या ऑक्टोबरअखेर पैशांअभावी प्रशासकाच्या हाती गेली. ते वाचून मला फार वाईट वाटलं होतं. नळ्यांनी दगा दिला नव्हता. पस्तीस वर्षं एखाद्या कल्पनेला धरून राहणाऱ्या माणसांबद्दल माझ्या मनात आदर आहे, आणि गेमने त्या नळ्यांना एवढं क्षुल्लक करायला नको होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे मूळ गेममध्ये स्क्रॅमजेट, म्हणजे आवाजापेक्षा जास्त वेगाने वाहणाऱ्या हवेतच इंधन जाळणारं जेट, नाही. असतं तर बरं झालं असतं, कारण भारतात आपण जे करतोय ते तेच आहे. 28 ऑगस्ट 2016 ला इस्रोने श्रीहरिकोट्याहून एटीव्ही नावाच्या चाचणी रॉकेटवर दोन स्क्रॅमजेट इंजिनं बसवून उडवली. 20 किलोमीटर उंचीवर, मॅक 6 ला, ती पाच सेकंद पेटली. पाच सेकंद ऐकून मुलं हसतात. त्यांना मी सांगते, आवाजापेक्षा जास्त वेगाने आत वाहणाऱ्या हवेत ज्योत टिकवायची आहे, हवा इंजिनातून पार व्हायला सेकंदाचा हजारावा हिस्साच लागतो, तेवढ्यात इंधन मिसळून जळलं पाहिजे. डीआरडीओने सप्टेंबर 2020 मध्ये आपलं स्क्रॅमजेट वाहन 30 किलोमीटर उंचीवर मॅक 6 ला वीस सेकंदांहून जास्त चालवलं. नासाचं एक्स-43ए हे स्क्रॅमजेट विमान 2004 मध्ये मॅक 9.6 च्या वर गेलं, इंजिन पेटलं होतं दहाएक सेकंद. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे: प्रत्येक स्क्रॅमजेटला तिथवर नेलं रॉकेटनेच. जमिनीवर उभं असताना स्क्रॅमजेट काहीही धक्का देत नाही, त्याला मुळात वेगच हवा. आपल्या या कामाबद्दल "आता उपग्रह सोडणं एकदम स्वस्त" अशा बातम्या येतात तेव्हा मला राग येतो. काम मोठं आहे, ते जसं आहे तसं सांगितलं तरी मोठंच राहतं. लांब पल्ल्याच्या वेगवान उड्डाणाला आणि क्षेपणास्त्रांना याचा उपयोग होईल, पुढेमागे यानाच्या पहिल्या टप्प्यातही होईल. पण उरलेले सहा हजार मीटर प्रतिसेकंद रॉकेटच देणार.

आणि स्वस्ताईचं म्हणाल तर ती वेगळ्याच वाटेने आली. स्पेसएक्सच्या फाल्कन 9 रॉकेटचा पहिला टप्पा साधा केरोसिन आणि द्रव ऑक्सिजन जाळतो, आणि परत येऊन उभा उतरतो. ऑक्सिजन वाचवून काही हाती लागलं नाही, यंत्र वाचवल्याने लागलं. हेही गेममध्ये करून बघता येतं: रॉकेटच्या टप्प्याला पाय लावा, थोडं इंधन राखून ठेवा, उतरवा. विमानापेक्षा अवघड आहे, आणि एकदा जमलं की विमानाकडे परत वळावंसं वाटत नाही.

विकत घेणाऱ्यांसाठी व्यवहाराचं. माझ्या 8 जीबी रॅमच्या साध्या लॅपटॉपवर मूळ गेम चित्रांचा दर्जा कमी ठेवून चालतो. खऱ्या पृथ्वीच्या मॉडला याहून दणकट मशीन हवी, सुरू व्हायलाही बराच वेळ लागतो. गेम मराठीत किंवा हिंदीत नाही, इंग्रजी वाचता यायला हवं. शिकण्याचा चढ खडा आहे. पहिल्या आठवड्यात विमानाला हातच लावू नये, आधी साधं रॉकेट कक्षेत न्यावं, म्हणजे वेग आडवा लागतो, नुसती उंची नव्हे, हे डोक्यात बसतं. त्यानंतर रेपिअर, आणि शेवटी मॉड. मुलांना देणार असाल तर बारा-तेरा वर्षांच्या पुढे, आणि शेजारी कोणीतरी गणिताला न घाबरणारं बसलेलं असलं तर उत्तम.

स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानात वरचेवर सूट लागते, तेव्हा घ्या. मेकिंग हिस्टरी आणि ब्रेकिंग ग्राउंड या दोन जोडण्या वेगळ्या विकत मिळतात, या विषयासाठी त्यांची गरज नाही. गेमचा दुसरा भाग 2023 च्या फेब्रुवारीत अर्धवट अवस्थेत बाजारात आला आणि पुढच्याच वर्षी त्याचं काम थांबलं, त्यामुळे घ्यायचा तो पहिलाच, 1.12 आवृत्तीचा.